हिरवा त्रिकोण कोण कसा वाचतं: दृश्यसंवादाच्या एका वर्गातलं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात, दृश्यसंवादाच्या वर्गात घडलेलं हे प्रकरण आहे. मुलांनी प्रकल्प केले, पोस्टरं दिसायला चांगली झाली, पण प्रकल्पाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचून कुणाच्याच हाती काही लागेना. त्यावर आम्ही काय विचार केला, काय बदललं आणि काय अजूनही जमलेलं नाही, ते इथे मांडतो आहे. विषय आमच्या सहकारी मॅडम शिकवतात. मी त्याच विभागात आहे आणि या प्रकल्पांचा दुसरा परीक्षक होतो. गाव, वर्ष आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वह्यांमधली वाक्यं मुलांना विचारून घेतली आहेत.

पार्श्वभूमी

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आमच्यासारख्या कला शाखेच्या महाविद्यालयांतही कौशल्याचे विषय सुरू झाले. दृश्यसंवाद हा त्यातलाच एक. वर्गात विसेक मुलंमुली. बहुतेकांच्या घरी पराटी (म्हणजे कपाशी), सोयाबीन आणि तूर. संगणक मोजकेच, त्यामुळे जवळपास सगळं काम मोबाइलवर चालतं. एक मुलगा कॉलेज सुटल्यावर फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. मराठी फॉन्ट आणि छपाई यांतलं त्याला वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं.

सत्रभर अक्षर, रंग, मांडणी आणि चिन्ह शिकवायचं आणि शेवटी आपल्या गावाला उपयोगी पडेल असा एक सार्वजनिक संदेश पोस्टरच्या रूपात करायचा, अशी विषयाची रचना आहे. प्रकल्पवहीत कच्ची रेखाटनं, पक्कं पोस्टर आणि शेवटी ‘चिंतन’ म्हणून एक-दोन पानांचं लेखन लागतं. प्रकल्पाचे गुण ५०, त्यातले १५ या चिंतनाला.

त्या वर्षी विषय ठरला फवारणीतली सुरक्षितता. मुलांनीच सुचवला. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. चौकशीसाठी शासनाला विशेष पथक नेमावं लागलं. डोक्याच्या वर गेलेली दाट पराटी, पाठीवरचे बॅटरीचे पंप, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला फक्त दुपट्टा, अशी कारणं तेव्हा पुढे आली. आमच्या वर्गातली मुलं त्या वेळी शाळेत होती. त्यांना ते बातमी म्हणून आठवत नाही, गावातला माणूस म्हणून आठवतं.

दृश्यसंवादासाठी या विषयात एक तयार धडाही होता. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम यांनी तो बंधनकारक केला आहे. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याला द्यावा लागतो. या चौकोनाचे वर-खाली दोन त्रिकोण पाडलेले असतात. खालच्या त्रिकोणात रंग: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी. वरच्या त्रिकोणात लाल आणि पिवळ्या गटाला ‘विष’, निळ्याला ‘धोका’ आणि हिरव्याला ‘सावधान’ अशा अर्थाचे शब्द. कवटी आणि हाडं फक्त लाल गटाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर ही सगळी यंत्रणा किती जागेत मावते ते प्रत्यक्ष पाहावं. मॅडमनी रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या वर्गात न आणता लेबलांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावले होते. रिकामी बाटलीही हाताळायची नाही, हा पहिला धडा तिथेच झाला.

अडचण

पोस्टरं आली. कवटी, मास्क घातलेला शेतकरी, हातमोजे, ‘सुरक्षित फवारणी, सुखी परिवार’ अशी घोषवाक्यं. मांडणी नीटनेटकी होती. चिंतनाची पानं मात्र एकामागून एक वाचली तेव्हा लक्षात आलं की नावं झाकली तर कुठलं कुणाचं ते ओळखता येणार नाही. ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले. पोस्टर हे समाजप्रबोधनाचे प्रभावी माध्यम आहे. रंगसंगतीचे महत्त्व मला समजले. मार्गदर्शन केल्याबद्दल मी आभारी आहे.’ काही पानं ग्रुपवर फिरलेल्या एकाच मजकुरातून उतरवलेली होती. दोन-तीन पानं मोबाइलमधल्या चॅटबॉटने लिहून दिलेली असावीत, कारण त्यांत ‘बहुआयामी’ आणि ‘सखोल’ हे शब्द होते आणि फवारणी हा शब्दच नव्हता.

मुलांना यात दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. शाळेपासून त्यांनी प्रकल्प म्हणजे प्रस्तावना, ऋणनिर्देश, निष्कर्ष असाच पाहिला आहे. शेवटच्या पानावर नम्रपणे लिहायचं असतं हे त्यांना पक्कं माहीत. त्या पानावर ‘माझं हे चुकलं’ लिहिलं तर गुण कापले जातील, अशी भीती वाटणंही साहजिक होतं. त्यात १५ गुण थेट त्या पानाला.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची होती. निदान तीन पोस्टरांवर हिरवा रंग ‘सुरक्षित’ या अर्थाने वापरला होता. एकावर तर हिरव्या त्रिकोणाशेजारी बरोबरची खूण होती. हिरवा त्रिकोण असलेलं औषधही विषच असतं, इतरांपेक्षा कमी तीव्र एवढंच. ही वर्गवारी एकेका औषधाची तीव्र विषारीता मोजून केलेली असते. पंपात तीन औषधं एकत्र ओतली, तर त्या मिश्रणाचं काय होतं हे कुठलाच त्रिकोण सांगत नाही. म्हणजे जीव वाचवायला काढलेलं पोस्टर नेमक्या त्याच जागी चुकीचं सांगत होतं. आणि त्या मुलांच्या चिंतनात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण तो रंग आपण निवडला आहे हेच त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. हिरवा सुचला, हिरवा भरला.

आपण केलेल्या निवडी दिसू लागणं, हे त्या पानाचं काम. ते होत नसेल तर त्या पानाला १५ गुण कशाचे द्यायचे?

समोरचे पर्याय

आम्ही तिघं बसलो: मॅडम, मी आणि विभागप्रमुख सर.

चिंतन काढून टाकावं आणि सगळे गुण पोस्टरला द्यावेत, हा पहिला विचार माझाच होता. खोटं लिहायला लावण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. विभागप्रमुखांचं म्हणणं वेगळं होतं. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीत प्रकल्पामागचा शिकण्याचा पुरावा कागदावर लागतो, आणि अभ्यासक्रमातला घटक आम्ही आमच्या मनाने वगळू शकत नाही. मॅडमनाही तो वगळायचा नव्हता, पण कारण निराळं. त्यांच्या मते फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा चांगलं पोस्टर काढणारच, त्याला आम्ही काय शिकवलं हे पोस्टरवरून कळणार नाही.

दुसरा पर्याय तयार प्रश्नावलीचा. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८मध्ये मांडलेलं सहा पायऱ्यांचं चक्र शिक्षक प्रशिक्षणात आणि परिचारिकांच्या शिक्षणात बरंच वापरलं जातं: काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं-वाईट झालं, ते तसं का झालं, त्यातून निष्कर्ष काय, पुढच्या वेळी काय करणार. मॅडमनी ते मराठीत करून दोन मुलांना भरायला दिलं. सहा रकाने, सहा वाक्यं. ‘काय वाटलं’ याखाली ‘छान वाटलं’. रकाने मिळाल्यावर रकाने भरले गेले, एवढंच झालं.

तिसरा पर्याय तोंडी परीक्षेचा. वर्गात गप्प बसणारी मुलं व्हरांड्यात धो-धो बोलतात, हे आम्हाला रोज दिसतं. पण तोंडी परीक्षेत समोर परीक्षक असतो आणि प्रमाण मराठीत बोलायचं दडपण असतं. शिवाय जी मुलगी कधीच बोलत नाही, तिला ते आणखी जड जाणार.

चौथा पर्याय मॅडमनी मांडला आणि त्याला वेळ सगळ्यांत जास्त लागणार होता. लेखनाला हात लावायचाच नाही. आधी पोस्टर ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यापुढे धरायचं, आणि त्यांनी ते कसं वाचलं ते जसंच्या तसं उतरवून आणायचं. लिहायला काही घडलेलंच नसेल तर मुलं लिहिणार कशावर, हा त्यांचा मुद्दा होता. आजवर पोस्टर काढायचं, वहीत चिकटवायचं आणि सबमिट करायचं, एवढाच त्याचा प्रवास होता. शिक्षक सोडून त्याला वाचकच नव्हता.

सर म्हणाले, सत्र संपत आलं आहे, आता गावोगाव पाठवणार कधी? शेवटी ठरलं की पक्क्या छपाईआधी एक फेरी करायची, पोस्टर साध्या झेरॉक्सवर न्यायचं, आणि ज्याचं त्याने आपल्याच गावात किंवा जाण्यायेण्याच्या रस्त्यावर दाखवायचं. वेगळी सहल नाही, वेगळा खर्च नाही. रंगाचा प्रश्न असलेल्यांनी तेवढी रंगीत प्रत काढायची.

काय केलं

नियम मोजकेच ठेवले. पोस्टर समोर धरायचं आणि एवढंच विचारायचं: ‘यात काय सांगतलं हाये?’ समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही. उत्तर आलं त्याच शब्दांत लिहायचं, सुधारून नाही. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारायचं. आणि बोलणं संपल्यावर खरी माहिती द्यायचीच, कारण चुकीचा अर्थ घेऊन माणूस वावरात जाता कामा नये. हा शेवटचा नियम विभागप्रमुखांनी घातला, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच होता.

उत्तरांची नोंद करायला मॅडमनी तीन रकाने दिले: कळलं, नाही कळलं, उलटं कळलं. यामागे आधार होता. अमेरिकेत सुरक्षा-चिन्हांची चाचणी करायचं जे मानक आहे, त्यात ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर लागावा आणि नेमका उलटा, धोक्यात टाकणारा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा निकष आहे. आमची फेरी काही शास्त्रीय चाचणी नव्हती. पण न कळणं आणि उलटं कळणं यात फरक आहे, हे मुलांना त्या तिसऱ्या रकान्यामुळे पटलं. न कळलेलं पोस्टर निरुपयोगी असतं. उलटं कळलेलं पोस्टर दवाखान्यात पोचवतं.

मुलं कृषी केंद्राच्या काउंटरवर गेली, बसस्टँडवर गेली, पारावर बसलेल्यांकडे गेली, निंदणाहून परतणाऱ्या बायांना रस्त्यात गाठलं. जे हाती आलं त्याची कल्पना आमच्यापैकी कुणीच केली नव्हती.

कवटीपासून सुरुवात करतो, कारण ती जवळपास प्रत्येक पोस्टरवर होती. एका आजोबांनी कवटी पाहून सांगितलं, ‘हे त लाइटच्या डीपीवर रायते. हात नोको लावू, करंट लागते.’ त्यांच्या गावात कवटी दिसते ती ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर. बाटलीवरची कवटी एवढीशी, तिच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. त्यामुळे पोस्टरवर वितभर कवटी पाहिल्यावर त्यांना वीज आठवली. धोका कळला, पण कशाचा ते कळलं नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. एका मुलीच्या पोस्टरवर वावरात जेवणारा माणूस होता, शेजारी पंप, आणि चित्रावर लाल फुली. म्हणायचं होतं की फवारणी करताना मध्येच खाऊ-पिऊ नका. एका शेतमजूर बाईनं ते चित्र बराच वेळ पाहिलं, बोट माणसाच्या डब्यावर ठेवलं आणि म्हणाली, ‘हा पयले जेवून राह्यला, मंग फवारनार हाये. उपाशी फवारू नये म्हन्ते थे बराबर हाये.’ फुलीकडे तिचं लक्षच गेलं नाही. फुली बारीक होती, चित्राच्या मागच्या रंगात मिसळली होती. आणि समजा दिसली असती, तरी चित्रातलं माणूस जेवतानाच दिसत होतं. उपाशीपोटी फवारू नये ही गोष्ट तिला आधीच माहीत होती आणि ती खरीही आहे, म्हणून तिने चित्रात तीच वाचली.

हिरव्या त्रिकोणाचं तर ठरलेलंच झालं. ‘हिरवं म्हन्जे पिकाले चांगलं.’ ‘हिरव्यानं पराटी हिरवी होते.’ कृषी केंद्रावरच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की हिरवं असेल तर तो झाकणाचा हिशेब धरत नाही, अंदाजाने ओततो. ज्या मुलानं हिरव्याशेजारी बरोबरची खूण काढली होती, तोच हे उत्तर लिहून घेऊन आला. त्याने वर्गात वही उघडून ते वाचून दाखवलं आणि खाली बसला. मॅडमनी त्यावर काहीही म्हटलं नाही. पुढच्या तासाला तो नवीन पोस्टर घेऊन आला.

पोस्टरं बदलली. मग मजकूर कृषी विभागातल्या एका अधिकाऱ्याला दाखवला, आणि तिथे आणखी एक गोष्ट सापडली जी आम्हा शिक्षकांच्याही नजरेतून सुटली होती. दोन पोस्टरांवर ‘पोटात औषध गेल्यास लगेच उलटी करवा’ असं होतं. सरसकट असं करायचं नसतं. काही द्रव्यांत उलटीमुळे अपाय वाढतो, म्हणून लेबलवर जे सांगितलं असेल तेच करायचं आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. ती ओळ निघाली. वाचकांना विचारून अर्थ पोचतो की नाही एवढंच तपासता येतं, मजकूर बरोबर आहे की नाही ते जाणकारालाच विचारावं लागतं. या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत, आणि दोन्ही हव्यात.

त्यानंतरच चिंतन लिहायला सांगितलं. तीन गोष्टी मागितल्या. जुनं आणि नवं पोस्टर शेजारी-शेजारी चिकटवा. जो एक बदल केला तो का केला ते लिहा. आणि ज्या माणसाच्या बोलण्यामुळे तो केला, त्याचं एक वाक्य त्याच्याच भाषेत द्या. लांबीची अट नाही. आभार नकोत. भाषा कुठलीही चालेल, वऱ्हाडीसुद्धा. लिहायला जड जात असेल तर बोलून रेकॉर्ड करायचं आणि मैत्रिणीकडून उतरवून घ्यायचं.

एका मुलीचा प्रश्न

इथे एक निर्णय असा घ्यावा लागला ज्यावर मी नंतरही पुष्कळ विचार केला आहे.

एका मुलीनं पहिल्या वेळी चिंतन कोरं ठेवलं होतं. दुसऱ्या वेळीही तिने वही दिली ती त्या पानाशिवाय. मॅडमनी बाजूला बोलावून विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मॅडम, मले घरचं लिहाचं नाही.’ तिच्या घरात २०१७ साली काय झालं हे गावातल्या लोकांना ठाऊक होतं, आम्हालाही कानावर होतं.

विभागप्रमुखांचा सल्ला होता की अशी विद्यार्थिनी लिहील तर तिचं चिंतन सगळ्यांत प्रभावी होईल, तिला थोडं धीर देऊन लिहितं करावं. हेतू चांगला होता. मॅडमनी ठाम नकार दिला आणि मी त्यांच्या बाजूने होतो. चिंतन म्हणजे मन मोकळं करणं, असा एक समज शिक्षकांमध्ये आहे. पण ज्या पानाला गुण आहेत, जे दोन परीक्षक वाचणार आहेत आणि जे नॅकच्या फाइलमध्ये लागणार आहे, तिथे कुणाला आपलं दुःख मांडायला लावणं हे शिक्षण होत नाही. तिच्या दुःखाला १५ पैकी किती द्यायचे, हे ठरवायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

मॅडम तिला म्हणाल्या, ‘घरचं काहीच नको. पोस्टरवर काय ठेवलंस, काय काढलंस, तेवढं लिही बेटा.’

तिने लिहिलेलं इथे देतो. ‘माझ्या पोस्टरवर आधी सात सूचना होत्या. सहा काढल्या. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या, एवढीच ठेवली. बाटली नसेल तर डॉक्टरला कोणतं औषध होतं हे समजत नाही. बाकीच्या सूचना महत्त्वाच्या आहेत पण त्या दुसऱ्या पोस्टरवर सांगता येतील. माझं पहिलं चित्र एका काकाजीनं पाहिलं. डॉक्टर टॉनिक देऊन राह्यला म्हणाले. म्हणून मी डॉक्टरच्या हातातली बाटली काढली आणि पेशंटसोबत आलेल्या माणसाच्या हातात दिली. बाटलीवरचा चौकोन मोठा केला. पंप कोपऱ्यात ठेवला, त्यामुळे औषध शेतीचं आहे हे समजते.’

सूचना वैद्यकीयदृष्ट्या अगदी मोलाची आहे. बाटलीवर घटकाचं नाव आणि प्रतिविषाची माहिती छापलेली असते. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत अॅट्रोपीन हे प्रतिविष देतात, पण ते सगळ्याच कीटकनाशकांवरचं उत्तर नाही. त्यामुळे काय अंगावर गेलं हे माहीत असणं डॉक्टरांसाठी मोठी मदत असते. वर्गातल्या बाकी कुठल्याच पोस्टरवर ही सूचना नव्हती. तिच्या पानात स्वतःबद्दल एक शब्दही नाही, आणि माझ्या दृष्टीने ते त्या वर्षीचं सगळ्यांत पूर्ण चिंतन होतं.

काय निष्पन्न झालं

सगळ्यांचं सारखं झालं नाही. निम्म्याहून जास्त वह्यांत खरोखर काहीतरी सांगितलेलं होतं. फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलानं लिहिलं, ‘दुकानात गिऱ्हाइक म्हन्ते नाव मोठं करा, फोटो मोठे करा, जागा खाली नोका ठेवू. मी तसंच केलं होतं. बसस्टँडवर लावून रस्त्याच्या या बाजूनं पायलं तर एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मंग खाली जागा सोडली तेव्हा वाचता आलं.’ वाढदिवसाच्या फ्लेक्सांनी घडवलेली नजर स्वतःच्या कामाकडे अशी वळलेली पाहून मला फार समाधान वाटलं. पांढऱ्या जागेबद्दल वर्गात बरंच बोलणं झालं होतं, पण तो ते शिकला बसस्टँडवर.

एका मुलीनं असं काही पाहिलं जे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. ‘सगळ्याइच्या पोस्टरवर फवारनारा मानूस हाये. पानी कोन आनते? औषद कोन कालवते? आमच्या घरी माय करते. पोस्टरवर बाईच नाही.’ पाणी भरणं आणि औषध कालवणं, म्हणजे सगळ्यांत घट्ट द्रावण हाताळण्याचं काम, बरेचदा बायांकडे असतं. हातमोजे घातलेली बाई त्या वर्षी एकाच पोस्टरवर आली, तिच्या.

चार-पाच मुलं मात्र जुन्याच वळणावर राहिली. त्यांनी वाचकाचं वाक्य घरी बसून बनवलं होतं. हे ओळखू येतं, कारण बनवलेल्या वाक्यातला शेतकरी नेहमी म्हणतो, ‘पोस्टर खूप छान आहे, यातून चांगला संदेश मिळतो.’ खरा माणूस असं बोलत नाही. त्यांना गुण कमी दिले, कारण सांगितलं, पण पुन्हा लिहायला वेळ उरला नव्हता.

गुणांवरून आम्हा दोघा परीक्षकांत वाद झाला. वऱ्हाडीतलं चिंतन तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापायचे का? मी म्हणत होतो थोडे कापावेत, पदवीचा विद्यार्थी आहे, उद्या त्याला अर्ज लिहायचा आहे. मॅडमचं म्हणणं होतं की पोस्टर सार्वजनिक आहे, तिथे ऱ्हस्व-दीर्घाची चूक पूर्ण धरा. चिंतन ही विचाराची वही आहे, तिथे धरली तर मुलं पुन्हा ‘प्रभावी माध्यम’वर जातील. ज्या पानांवरून हा वाद होता तीच पानं समोर होती आणि ती सगळ्यांत जिवंत होती. मी मान्य केलं. बाहेरच्या परीक्षकाला हे पटेल का, हे सांगता येत नाही.

पुन्हा करताना

सगळ्यांत मोठा प्रश्न वेळेचा. कपाशीवरची मुख्य फवारणी जुलै-ऑगस्टपासून पुढे चालते. आमचे प्रकल्प सत्राच्या शेवटी, दिवाळीच्या आसपास पूर्ण होतात. पोस्टरं तयार झाली तेव्हा वेचणी सुरू झाली होती आणि पंप कोठ्यात गेले होते. विद्यापीठाचं वेळापत्रक आमच्या हातात नाही, पण वर्गाचा क्रम आहे. चिन्ह आणि रंग हे घटक आधी शिकवून वाचकांची फेरी ऑगस्टमध्ये घेता येते, अक्षर आणि मांडणी नंतर. पोस्टर कच्चं असलं तरी चालेल, लोक हंगामात असायला हवेत.

दुसरं, वाचकांची फेरी एकदाच झाली. बदललेलं पोस्टर पुन्हा कुणापुढे धरलं गेलं नाही. बाटलीवरचा चौकोन मोठा केल्यावर ‘टॉनिक’ हा अर्थ गेला का? मुलीला वाटतं गेला. मलाही वाटतं. विचारलं मात्र कुणाला नाही.

कृषी अधिकाऱ्यांना मजकूर वाचकांच्या फेरीनंतर दाखवला, तो आधी दाखवायला हवा. फेरीत मुलं घेऊन गेली त्या दोन पोस्टरांवर उलटीची ओळ होती. बोलणं संपल्यावर खरी माहिती द्यायचा नियम होता, पण ती ओळ चुकीची आहे हे तेव्हा मुलांनाच माहीत नव्हतं. ओळ निघाल्यावर मॅडमनी त्या दोघांना त्याच घरांमध्ये परत पाठवलं आणि नीट सांगून यायला लावलं. ते जमलं, कारण गावं त्यांची स्वतःची होती. अनोळखी गावात गेले असते तर माणसं पुन्हा सापडलीच नसती.

गुणांची विभागणीही बदलायला हवी. १५ गुण शेवटच्या पानाला न ठेवता ५ नोंदींच्या तीन रकान्यांना, ५ जुन्या-नव्या पोस्टरच्या जोडीला आणि ५ लेखनाला, असा प्रस्ताव विभागप्रमुखांकडे दिला आहे. त्यात बनावट वाक्य लिहून फारसं काही पदरात पडत नाही, आणि ज्या मुलाला लिहिणं जमत नाही त्याचे गुणही फार बुडत नाहीत. ज्यांना घरचं लिहायचं नाही त्यांच्यासाठी तशी स्पष्ट ओळ सूचनापत्रातच छापायची, म्हणजे कुणाला बाजूला येऊन सांगावं लागणार नाही.

विभागप्रमुखांनी विभागणी मान्य केली आहे. ऑगस्टच्या फेरीचं मात्र अजून ठरायचं आहे, कारण त्याच पंधरवड्यात पहिली अंतर्गत परीक्षा येते.